रापीपासून रोटरी टूलपर्यंत: लाकडी ल्यूर

फिनलंडच्या लॉरी रापालाने १९३६ साली बुचाचा नकली मासा, म्हणजे मासे पकडायचं ल्यूर, चांभाराच्या रापीने कोरला, त्यावर चॉकलेटच्या वेष्टनाची चांदी चढवली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून लेप दिला. आज हेच कोरीवकाम रोटरी टूलच्या सँडिंग ड्रमने किती सोपं झालंय! बाल्साचं लाकूड वापरत असाल तर ते मऊ असतं, म्हणून वेग कमीच ठेवा. मास्क हवाच, धूळ फार बारीक उडते.

खरी करामत मात्र ल्यूरच्या पोटात आहे. शिशाचं वजन तळाशी बसवलं की ल्यूर उलटत नाही. तोंडाखालची पट्टी पाणी अडवते आणि ल्यूर जखमी माशासारखं डोलतं. पट्टी जरा तिरकी बसली तर एका बाजूला पळतं. गळ आरपार घातलेल्या तारेलाच अडकवा, नुसत्या लाकडात रोवू नका. रंगाआधी सीलर विसरू नका, पाणी शिरलं की बाल्सा फुगतो.