सुप्रजाजननाचे गणित आणि इंडियानातील दोन कायदे

मेंडेलचे वाटाणे वर्गात शिकवून झाले, की आपण बहुधा थेट गुणसूत्रांकडे वळतो. त्या नियमांचे समाजात काय झाले, हा भाग मध्येच गळतो. मेंडेलच्या कामाचा पुन्हा शोध लागला १९०० साली. १९०७ मध्ये अमेरिकेतील इंडियाना राज्याने संस्थांत ठेवलेले अट्टल गुन्हेगार, बलात्कारी आणि त्या काळच्या भाषेत ‘मंदबुद्धी’ ठरवलेल्या व्यक्ती यांच्या सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा केला. जगातला असा हा पहिला कायदा. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२१ मध्ये तो रद्द केला, १९२७ मध्ये नवा आला आणि तो १९७४ पर्यंत टिकला.

याच राज्याने २०१६ मध्ये दुसरा एक कायदा केला. गर्भाचे लिंग, वंश किंवा अपंगत्व या कारणासाठी गर्भपात करण्यास त्याने बंदी घातली. गर्भपात हा सुप्रजाजननाचा नवा अवतार आहे, असे समर्थकांचे म्हणणे होते. खालच्या न्यायालयांनी ही बंदी रोखली. २०१९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या भागात लक्ष घालण्यास नकार दिला; पण न्यायमूर्ती क्लॅरन्स थॉमस यांनी स्वतंत्र मत लिहून निर्बीजीकरणाचा जुना इतिहास या वादाशी जोडला. ही जोडणी कितपत खरी?

सुप्रजाजनन हा शब्द ज्यासाठी आपण वापरतो, ती कल्पना फ्रान्सिस गॉल्टनने १८८३ मध्ये नाव देऊन मांडली. पुढच्या पिढ्यांचा ‘दर्जा’ वाढवायचा, म्हणून कोणाला मुले व्हावीत आणि कोणाला होऊ नयेत हे समाजाने ठरवायचे. नैतिक प्रश्न क्षणभर बाजूला ठेवून याचे नुसते गणित करून पाहू. बारावीच्या वर्गाला ते फळ्यावर सहज करता येईल. एखादा अप्रभावी जनुकाचा विकार १०,००० माणसांत एकाला आहे असे धरा. म्हणजे त्या जनुकाचे प्रमाण शंभरात एक. रुग्णाकडे त्याच्या दोन प्रती; पण त्याच १०,००० माणसांत एकेक प्रत बाळगणारे, पूर्ण निरोगी दिसणारे वाहक १९८. एकूण २०० प्रती, त्यांतल्या रुग्णाकडे फक्त दोन! प्रत्येक पिढीतल्या प्रत्येक रुग्णाचे निर्बीजीकरण केले, तरी जनुकाचे प्रमाण निम्म्यावर यायला १०० पिढ्या, म्हणजे सुमारे अडीच हजार वर्षे लागतील. शिवाय गुन्हेगारी किंवा दारिद्र्य हा काही वाटाण्याच्या रंगासारखा एका जनुकाचा गुण नव्हे.

मग बळी कोण पडले? व्हर्जिनियातील कॅरी बक ही पालक-कुटुंबात वाढलेली गरीब मुलगी. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने तिचे निर्बीजीकरण झाले. तिची सात महिन्यांची मुलगी ‘नॉर्मल नाही’ असा पुरावा खटल्यात आला होता. हीच मुलगी पुढे शाळेच्या गुणवत्ता यादीत झळकली.

जातींमुळे रक्ताची शुद्धता टिकते, हा आपल्याकडचा युक्तिवाद याच जातकुळीचा. लाहोरला न होऊ शकलेल्या १९३६ च्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी त्याला साधा प्रश्न विचारला होता: मग सहभोजनाला बंदी कशासाठी? एका पंगतीत जेवल्याने रक्त बदलत नाही.

आता डाउन सिंड्रोमकडे पाहा. सुमारे ९५ टक्के वेळा पेशीविभाजनातील चुकीने २१ व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त आलेली असते. ती आईबापांकडे आधीपासून नसते. त्यामुळे असा गर्भ पाडल्याने समाजातले कोणतेही ‘वाईट जनुक’ कमी होत नाही. निर्णयही सरकारचा नसून त्या स्त्रीचा असतो. निर्बीजीकरणाच्या त्या काळात तर अमेरिकेत गर्भपात हाच गुन्हा होता. म्हणून थॉमस यांची जोडणी मला कच्ची वाटते.

अपंगांच्या चळवळीचा आक्षेप मात्र वेगळा आहे आणि तो सहज झटकता येत नाही. अमेरिकेत डाउन सिंड्रोम असलेल्यांचे सरासरी आयुर्मान १९८३ मध्ये सुमारे २५ वर्षे होते; आज ते ६० च्या आसपास आहे. जास्तीचे गुणसूत्र तेच. बदलल्या त्या हृदयाच्या शस्त्रक्रिया, आणि मुलांना संस्थेत न टाकता घरी व शाळेत वाढवण्याची पद्धत. तपासणीचा अहवाल हाती देताना आईबापांना यांतले किती सांगितले जाते?

आपल्याकडे हा प्रश्न मुलींच्या निमित्ताने आला. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये कायदा केला, केंद्राने १९९४ मध्ये. इंडियानाने गर्भपातामागचे कारण तपासायचे ठरवले. आपल्या कायद्याने लिंग तपासण्यावर व सांगण्यावर बंदी घातली आणि १९७१ चा गर्भपाताचा कायदा वेगळा ठेवला. हा मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो, पुरेसा नव्हे: महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, २०११ मध्ये ८९४.

अपंगत्वाबाबत मात्र आपला कायदा तटस्थ नाही. २०२१ च्या दुरुस्तीनुसार ठरावीक गटांतील स्त्रियांना २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो. पण गर्भात गंभीर व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरवले, तर ही मुदत लागू होत नाही. मंडळात स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि क्ष-किरण किंवा सोनोग्राफी तज्ज्ञ असतो. तशा व्यंगासह जगणारी व्यक्ती तिथे असावी, अशी अट नाही.