डोंगर जवळून पाहताना

दहावीच्या वर्षातली दिवाळीची सुट्टी कशासाठी असते? परभणीत कोणालाही विचारा, ‘उजळणीसाठी’ असेच उत्तर येईल. त्यामुळे नोव्हेंबर २०१८ मध्ये मी लेकीला घेऊन हरिश्चंद्रगडाला निघालो, तेव्हा घरात व्हायचे ते झाले. तिची आजी म्हणाली, “दहावीच्या लेकराला घेऊन डोंगरात? अन् पाय मुरगळला म्हंजे?”

आजीचा जीव तुटणे साहजिक होते. माझे गणित मात्र वेगळे होते. पुढच्या वर्षी पोरगी शिकायला लातूरला जाणार, हे मी ठरवून टाकले होते. खोलीसुद्धा पाहून ठेवली होती. त्याआधी दोन दिवस तरी ती फक्त माझ्याबरोबर असावी, एवढाच माझा स्वार्थ.

आपण परभणीकर सपाटीची माणसे. जिंतूरकडे नेमगिरी-चंद्रगिरीच्या टेकड्या, गंगाखेडकडे बालाघाटचे उतार. संपले आमचे डोंगर. ‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण आम्ही अक्षरशः पाळतो. पण डोंगराची ओढ डोंगराखाली जन्मलेल्यालाच असते, असे थोडेच आहे? गो. नी. दांडेकरांचा जन्म विदर्भातल्या परतवाड्याचा. त्यांनी आयुष्यभर सह्याद्रीतले गड पालथे घातले आणि आपल्या लेकीला, पुढे लेखिका झालेल्या वीणा देव यांनाही, गडांवर नेले. गडाची गोडी घरातूनच लागावी लागते.

रात्रीच्या गाडीने पहाटे नाशिकरोड, तिथून घोटी, राजूर करत अकोले तालुक्यातले पाचनई. गड १४२४ मीटर उंच. पाठीवर माझ्या दहा किलो, तिच्या चार. पहिल्या चढालाच मला धाप लागली. ती मात्र कातळाला हात लावत पुढे चालली होती. “बाबा, हा दगड आपल्या शेतातल्यासारखाच काळा आहे.” खरेच होते ते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचले आणि दख्खनचे पठार झाले. तोच खडक झिजून आपली कापसाची काळी माती झाली. भूगोलाच्या पुस्तकातला धडा पोरीने बोटांनी वाचला.

वर हरिश्चंद्रेश्वराचे कोरीव मंदिर आहे. शेजारच्या केदारेश्वराच्या गुहेत गार पाण्यात मोठी पिंड आहे आणि तिच्याभोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत उरला आहे. या डोंगररांगेच्या पूर्व उतारावरचे पाणी मुळेला मिळते, मुळा प्रवरेला आणि प्रवरा गोदावरीला. म्हणजे आमच्या गंगाखेडच्या घाटावर जे पाणी येते, त्याचा एक थेंब इथलाही असणार. हे सांगितल्यावर तिने ओंजळभर पाणी ओढ्यात परत सोडले आणि म्हणाली, “जा, आजीला सांग पाय मुरगळला नाही म्हणून.”

संध्याकाळी कोकणकड्यावर गेलो. अर्धगोल, आतल्या बाजूने पोखरल्यासारखा हा कडा पोटावर झोपूनच पाहावा. सूर्य कोकणात उतरेपर्यंत आम्ही हललो नाही. चूक तिथेच झाली. मंदिराजवळच्या तंबूकडे परतायला झाडीतून पाऊण तासाची वाट, आणि अंधार झपाट्याने उतरला. मी बॅटरी घेऊन पुढे. थोड्या वेळाने ती थांबली.

“बाबा, मघापासून दगडावरचा बाण दिसला नाही.”

“येईल पुढं. चल तू.”

“नाही. शेवटचा बाण होता तिथं परत जाऊ.”

“अगं, मला वाट कळते की!”

ती जागची हलली नाही. मी चिडून दोन पावले टाकली आणि बॅटरी समोर धरली. उजेड कशावरच पडेना. समोर झाड नव्हते, दगड नव्हता, जमीन नव्हती. कोरड्या ओढ्याची वाट तिथेच तुटली होती. खाली किती खोल होते, कोण जाणे. अंगाला दरदरून घाम सुटला. मी काही न बोलता बॅटरी तिच्या हातात दिली. ती पुढे, मी मागे. पंधरा मिनिटांत बाण सापडला. तंबूजवळ पिठलं-भाकरी घेऊन वाट पाहणारे पाचनईचे गावकरी रागावले, “पोरीला घेऊन अंधार करायचा का दादा?” मी मान खाली घातली.

मुलांना डोंगरात जरूर न्या. पण नेताना काही गोष्टी सांभाळा. पावसाळ्यात नवख्याने जाऊ नये. पाण्याच्या बाटल्या, शिट्टी आणि प्रत्येकाची वेगळी बॅटरी हवीच. गावातला माहीतगार सोबत घ्यावा. चार पैसे वाचवण्यात शहाणपण नाही. उजेड असतानाच मुक्कामी पोचावे. आणि ज्याची चाल सर्वांत हळू, त्याच्या चालीने चालावे. सगळ्यात अवघड गोष्ट शेवटची: मूल ‘थांबा’ म्हणाले तर थांबावे. घरी आपण नेहमी पुढे चालतो, म्हणून वाट आपल्यालाच कळते असे वाटू लागते.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली होती. मनमाड गेले, औरंगाबाद जवळ आले, तशी बाहेरची जमीन सपाट होत गेली. लातूरची खोली पाहून ठेवली होती, पण तिला एकदाही विचारले नव्हते, हे मला तेव्हा आठवले. विचारले. ती बराच वेळ बोलली, जालन्यापर्यंत. मी मध्ये बोललो नाही.

काय ठरले, ते आमच्या घरापुरते. स्टेशनवर आजी आली होती. तिने आधी नातीचे पाय पाहिले, मग माझ्याकडे पाहून म्हणाली, “तुझं तोंड का उतरलंय रे?” लेक हसली आणि तिने रिक्षाला हात केला.