ठकूचं वर्ष, माझा दिवस

पहाटे साडेपाच
जुन्नर तालुक्यात उसाच्या फडांमुळे बिबट्याचा वावर आहे, म्हणून उजाडल्याशिवाय मागच्या दारी जायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. तोवर घरात भाकऱ्या उरकायच्या. मागच्या वर्षी पहिली भाकरी तव्यावर पडायच्या आत माझी लेक ठकू रडत उठायची. एका मांडीवर ती आणि समोर परात, अशी माझी पहाट जायची. आता ती दोन वर्षांची झाली. रात्रीचं दूध सुटलं, परातीचा आवाज झाला तरी कूस बदलते आणि पुन्हा झोपते. भाकऱ्या, भाजी, डबे सगळं बिनबोभाट होतं, वर चहा गरम असतानाच पिता येतो.

मी अंगणवाडी सेविका. वस्तीतल्या पाच वर्षांखालच्या मुलांची वजनं घेणं हे दर महिन्याचं काम. त्यामुळे मूल वाढलं की नाही हे सांगायला लोक माझ्या काट्याकडे बघतात. ठकूच्या बाबतीत मात्र वाढ मला आधी वेळापत्रकात दिसते आणि काट्यावर नंतर.

सकाळी सात
पहाटेला मिळालेला वेळ सातच्या ठोक्याला वसूल होतो. वर्षापूर्वी तिला पायांवर घेतलं, दोन तांबे ओतले, टॉवेलात गुंडाळलं की आंघोळ झाली. आता तांब्या तिच्या हातात हवा. अंगावर कमी आणि मोरीबाहेर जास्त, असं पाणी पडतं. झबलं घालताना डोकं बाहीत अडकतं, मदतीला हात पुढे केला की "मी मी!" म्हणून ओरडते. चप्पल उलटी घालते आणि तशीच घालून अंगणभर मिरवते.

घरातल्या वस्तूही वर्षभरात वर सरकल्या. मागच्या वर्षी ती पलंगाची कड धरून उभी राहायची, तेव्हा खालच्या फळीवरच्या डब्यांना धोका नव्हता. चालू लागली तशी मिठाची बरणी ओट्यावर गेली. ओट्याची कड हाताला लागली तशी सुरी वरच्या फळीवर. स्टूल ओढायची अक्कल आल्यापासून देवघरातली काडेपेटी सासूबाईंच्या कमरेच्या पिशवीत असते.

सकाळी साडेनऊ
निघायची वेळ. मागच्या उन्हाळ्यात मी गणवेशाची साडी हातात घेतली तरी ती गळा काढायची. त्या वयात आई नजरेआड झाली की ती परत येईल याची मुलाला खात्री नसते. सासूबाई तिला गोठ्याकडे न्यायच्या आणि मी चोरासारखी निसटायचे. आता तीच माझी पर्स ओढत आणते आणि "आई शाळा" म्हणते. आधी नुसतं "आई" असायचं, बाकीचं बोटाने. दिवाळीनंतर दोन शब्द जोडायला लागली. निरोप घेऊन जाता येतं, पण दारात उभं राहून तिच्या सगळ्या सूचना ऐकाव्या लागतात.

सकाळी अकरा
आज वजनाचा दिवस. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी आडवं झोपवून मोजतात. मदतनीस मावशी डोकं धरतात, मी गुडघे दाबून तळव्याला फळी टेकवते आणि बाळ गाव गोळा करतं. दोन वर्षं पूर्ण झाली की मूल उभं करून मोजायचं. टाचा, ढुंगण, खांदे फळीला टेकलेले, नजर समोर. तेच मूल आडव्यापेक्षा उभं असताना सुमारे ०.७ सेंटिमीटर कमी भरतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये वाढीचे तक्ते काढले, त्यात हा फरक धरलेला आहे. पण नवी आई घाबरते, "बाई, माझं पोर खुजं झालं की काय?"

आज गर्दीत एकच तक्रार होती, "काही खातच नाही, नुसतं दूध-बिस्कीट." दुसऱ्या वर्षात हे होतंच. जन्माला तीन किलोचं बाळ वर्षाचं होईस्तोवर साधारण तिप्पट होतं. पुढच्या अख्ख्या वर्षात मात्र वजन अडीच किलोच्या आसपासच वाढतं. वाढीचा वेग मंदावला की भूकही मंदावते. आई पहिल्या वर्षाच्या हिशोबाने ताट वाढते आणि पोर दुसऱ्या वर्षाच्या हिशोबाने जेवतं. मागे धावून भरवू नका, दूध थोडं कमी करा, घरातलंच अन्न थोडं थोडं पाच वेळा द्या, बिस्किटाचा पुडा दिसेल असा ठेवू नका, एवढं सांगते.

सासूबाई ठकूला घेऊन आल्या. उभी राहिली, पण मान वर करून फळी बघत राहिली, म्हणून दोनदा मोजावं लागलं. ८५ सेंटिमीटर, ११.१ किलो. मागच्या वर्षी वजन ८.८ होतं. दोन वर्षांच्या मुलींची मधली रेघ साडेअकराला आहे. सासूबाई लगेच म्हणाल्या, "कमी भरली गं." मी म्हटलं, "आई, निम्म्या सुदृढ मुली त्या रेघेच्या खालीच असतात. आपली ठकू स्वतःच्या वाटेने वर चाललीय ना, ते बघायचं." इतर बायांना हे दर महिन्याला सांगते. आज माझ्याही कानांनी ऐकलं ते बरं झालं.

दुपारी साडेबारा
गरम आहाराची वेळ. आज मटकीची उसळ आणि भात. नियमाने इथे तीन वर्षांपुढची मुलं जेवतात, ठकूसारख्यांना घरी न्यायच्या आहाराची (टीएचआर) पाकिटं जातात. पण आजीबरोबर थांबली होती, म्हणून मावशींनी तिच्याकडे ताटल्या वाटायचं काम दिलं. एकेक ताटली छातीशी धरून नेते, समोरच्याने घेतल्याशिवाय हलत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडकडे आदिवासी मुलांच्या अंगणातच शाळा नेली, ती याच भरवशावर. मूल घरच्या आणि भोवतालच्या वस्तूंनी, हाताने काम करत शिकतं, महागडी खेळणी लागत नाहीत. मागच्या वर्षी ठकू याच ताटल्या एकमेकींवर आपटायची. तेव्हा ताटलीचा आवाज कळत होता, आता ती कुणासाठी आहे हे कळतं.

दुपारी अडीच
गृहभेटी. वस्तीच्या टोकाला एक मुलगा आहे, ठकूपेक्षा सहा महिन्यांनी मोठा. वजन चांगलं, दंडाचा घेर मोजायची पट्टी हिरवी. आज त्याच्या आईशी बोलताना मी वजनाचं न विचारता दिवसाचं विचारलं. सकाळपासून काय काय करते ते तिने सांगितलं. कडेवर घेऊन फिरायचं, भरवायचं, काय हवं ते ओळखून द्यायचं. मी विचारलं, "मागच्या वर्षी काय करायचीस?" ती म्हणाली, "हेच की." हाक मारली तर बघतो का, बोट दाखवून मागतो का, दोन शब्द जोडतो का? ती थांबली. मग म्हणाली, "शांत आहे हो तो. त्याचा बापही उशिराच बोलला."

असंही असतं, उशिरा बोलणारी पुष्कळ मुलं पुढे छान बोलतात. पण बोलत नाही आणि बोटही दाखवत नाही, हाकेला वळत नाही, हे तिन्ही एकत्र असेल तर वाट बघत बसायचं नाही. ऐकू येतं का, हे तर पहिलं तपासायचं.

संध्याकाळी सहा
कांदा काढणी चालू आहे. ठकूचे बाबा मातीने भरलेले येतात, ती त्यांच्यासाठी तांब्या आणायला धावते आणि निम्मं पाणी वाटेत सांडते. नंतर त्यांच्या खिशातला फोन मागते. दोन वर्षांपर्यंत पडदा नकोच आणि पुढेही दिवसाला तासाच्या आत, असं मी गावाला सांगते, त्यामुळे घरात फोन मिळत नाही. त्यावर ती जमिनीवर आडवी पडते. वर्षापूर्वी हातातली वस्तू काढून दुसरी दिली की विसरायची. आता विसरत नाही. हा थयथयाट म्हणजे तिच्या स्मरणशक्तीची प्रगती आहे, हे मला पटतं, तिच्या बाबांना नाही.

रात्री नऊ
ठकू झोपली. बाहेरच्या ओट्यावर नेटवर्क चांगलं मिळतं, म्हणून पोषण ट्रॅकर ॲपमधल्या राहिलेल्या नोंदी आता. तिची नोंद भरली, हिरवं आलं. त्या मुलाची भरली, तेही हिरवंच आलं. वजन-उंचीपुरतं हे खरं आहे. मूल कुपोषणाकडे घसरतंय का, हे तक्ता फार आधी सांगतो आणि त्याने कितीतरी मुलं वेळेत सापडतात. पण त्या मुलाच्या आईचा दिवस वर्षभर जागचा हलला नाही, हे तक्त्याला कळायचा मार्ग नाही. ते विचारावंच लागतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. २०१३ पासून ही तपासणी सुरू आहे आणि गरज असेल तर पुढे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. पथकाची फेरी यायला अवकाश आहे, म्हणून तेवढं थांबणार नाही. उद्या आरोग्यसेविकेला घेऊन त्या घरी पुन्हा जायचं आणि पथकाच्या डॉक्टरांनाही फोन करायचा. पुढच्या महिन्यापासून वजनाच्या रांगेत प्रत्येक आईला एक प्रश्न जास्तीचा विचारणार आहे, "गेल्या वर्षी करत होतीस त्यातलं कोणतं काम आता पोरामुळे सुटलं आणि कोणतं नवीन मागे लागलं?" जिची यादी लांबेल तिला म्हणणार, तक्रार करू नकोस बाई, लेकरू वाढतंय.