गेम आधी, ब्राउझर मागून

2012 मध्ये फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने ब्राउझरमध्ये चालणारा ‘बनानाब्रेड’ नावाचा एक नेमबाजीचा गेम लोकांपुढे ठेवला. खेळ म्हणून त्यात नवल नव्हतं. ‘क्यूब 2: सॉअरब्रॅटन’ हा त्याचा मूळ मुक्त गेम कॉम्प्युटरवर आधीपासूनच खेळला जात होता. त्याचा सी प्लस प्लसमधला लाखभर ओळींचा कोड उचलायचा आणि फ्लॅशसारख्या प्लगइनचा आधार न घेता ब्राउझरमध्ये बसवायचा, असा तो खटाटोप. खरं तर परीक्षा गेमची नव्हती, ब्राउझरची होती.

ब्राउझर तेव्हा कुठवर आला होता? ग्राफिक्स कार्डाकडून थेट त्रिमिती चित्रं काढून घेणाऱ्या वेबजीएलची पहिली आवृत्ती मार्च 2011 मध्ये जाहीर झाली होती. जावास्क्रिप्ट तर ब्रेंडन आइकने 1995 मध्ये दहा दिवसांत उभी केलेली. पानांत थोडी हालचाल आणावी, एवढीच तिच्याकडून अपेक्षा. तिला बंदुका चालवायला लावणं म्हणजे जरा आगाऊपणाच होता.

सी प्लस प्लसचं जावास्क्रिप्टमध्ये भाषांतर करायचं काम मोझिलाच्या अलोन झकाईने बनवलेल्या ‘एम्स्क्रिप्टेन’ या साधनाने केलं. पहिला अडथळा मेमरीचा. सी प्लस प्लसचा सगळा कारभार मेमरीतल्या पत्त्यांवर चालतो आणि जावास्क्रिप्टमध्ये पत्ता नावाची चीजच नाही. उपाय गमतीदार निघाला. वेबजीएलला त्रिकोणांचे कोपरे ग्राफिक्स कार्डाकडे पाठवता यावेत म्हणून ब्राउझरात ‘टाइप्ड ॲरे’ आले होते. त्यातलाच एक भलामोठा ॲरे घेऊन गेमची अख्खी मेमरी त्यात कोंबली. पत्ता म्हणजे आता नुसता त्या ॲरेतला क्रमांक. वर आणखी एक लाभ पदरात पडला: गेमच्या कोडमध्ये जावास्क्रिप्टच्या नव्या वस्तू फारशा तयारच होत नसल्याने त्यांचा कचरा उचलायला इंजिनाला मध्येच थांबावं लागेना.

दुसरा अडथळा गेमच्या स्वभावातच होता. कॉम्प्युटरवरचा गेम म्हणजे एक न संपणारा लूप: बटणं वाच, जग हलव, चित्र काढ, पुन्हा पहिल्यापासून. ब्राउझरमध्ये असा लूप सोडला की पानच गोठतं, कारण पानाचं बाकीचं कामही त्याच धाग्यावर खोळंबलेलं असतं. म्हणून लूप फोडावा लागला. एक फेरी करायची, ताबा ब्राउझरला परत द्यायचा आणि त्याने पुन्हा हाक मारेपर्यंत गप्प बसायचं. सेकंदाला साठ फेऱ्या हव्या तर एका फेरीला जेमतेम 16 मिलिसेकंद मिळतात.

उरला प्रश्न वेगाचा. जावास्क्रिप्टला आकडा पूर्णांक आहे की दशांश, हे सांगायची सोय नाही. इंजिनाने अंदाज बांधायचा. एम्स्क्रिप्टेनने तयार केलेला कोड उघडून पाहिला तर बेरजांच्या शेवटी एक उभी रेघ आणि शून्य दिसतं. वाचणाऱ्याला ते शेपूट निरर्थक वाटतं, पण त्यामुळे उत्तर 32 बिटांचा पूर्णांकच राहतं. या युक्तीला शिस्तीत बसवून डेव्हिड हर्मन, ल्यूक वॅग्नर आणि झकाई यांनी 2013 मध्ये ‘एएसएम डॉट जेएस’ मांडलं. फायरफॉक्सची 22 वी आवृत्ती असा कोड आधीच यंत्रभाषेत उतरवून ठेवू लागली. त्याच वर्षी एपिक गेम्स कंपनीचं दहा लाखांहून अधिक ओळींचं अनरियल इंजिन 3 चार दिवसांत ब्राउझरमध्ये आणल्याचं जाहीर झालं. मला त्या चार दिवसांपेक्षा त्यामागची वर्षं जास्त मोलाची वाटतात.

गूगल तेव्हा यंत्रभाषेतलाच कोड ब्राउझरमध्ये चालवणाऱ्या ‘नेटिव्ह क्लायंट’च्या वेगळ्याच वाटेने चाललं होतं. पण ती वाट क्रोमपुरतीच राहिली. 2015 मध्ये गूगल, मोझिला, मायक्रोसॉफ्ट आणि ॲपल यांचे इंजिनिअर ‘वेबअसेंब्ली’ या सामाईक भाषेसाठी एकत्र आले, 2017 मध्ये ती ब्राउझरांत पोचली आणि डिसेंबर 2019 मध्ये तिला वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीची मान्यता मिळाली. उभ्या रेघेच्या जुगाडाला सरळ बाइट्सचं रूप मिळालं. फायदा गेमवाल्यांपुरता राहिला नाही. फिग्मा हे डिझाइनरांचं साधन 2017 मध्येच तिच्यावर गेलं आणि तिपटीने लवकर उघडू लागलं.

मात्र ब्राउझरच्या या जमिनीवर घर बांधणाऱ्याला पायाखालची माती सरकण्याची सवय ठेवावी लागते. 2018 मध्ये क्रोमने आपोआप वाजणाऱ्या जाहिरातींना आळा घालायला आवाजाचे नियम कडक केले आणि कितीतरी जुने वेब गेम रातोरात मुके झाले. गेम बनवणाऱ्यांनी ओरड केल्यावर गूगलने पाऊल मागे घेतलं, पण वर्षाअखेर नियम पुन्हा लागू केलाच. तेव्हापासून ब्राउझरमधले बरेच गेम सुरुवातीलाच ‘खेळा’चं बटण दाखवतात. खेळणाऱ्याने असं काही दाबल्याशिवाय सहसा आवाज काढायची परवानगीच मिळत नाही.