व्हॉल्व्ह बदलला की नेमके काय बदलते?

व्हॉल्व्हचा हेडफोन अँप्लिफायर बाळगणाऱ्या शौकिनांत एक वाद हटकून निघतो: कुठल्या कारखान्याचा व्हॉल्व्ह अधिक गोड? जुना अमेरिकन, डच की रशियन? त्या गोडव्यातला बराच वाटा कारखान्याचा नसून बायसचा असतो, असे माझे ठाम मत आहे. जुन्या व्हॉल्व्हचे साठे आटत चालले आहेत आणि डबीवरच्या नावापायी लोक भरमसाट पैसे मोजत आहेत, म्हणून हे नीट उलगडून सांगायला हवे.

ट्रायोड जातीच्या व्हॉल्व्हमध्ये तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन निघतात आणि धन प्लेटकडे ओढले जातात. वाटेत ग्रिड नावाची जाळी असते. अमेरिकन संशोधक ली डी फॉरेस्टने तिच्या पेटंटसाठी १९०७ साली अर्ज केला होता. ही ग्रिड कॅथोडपेक्षा किती व्होल्ट ऋण ठेवायची, तो आकडा म्हणजे बायस. गाणे थांबलेले असतानाही व्हॉल्व्हमधून किती प्रवाह वाहत राहील, हे तोच ठरवतो. ग्रिड फार ऋण ठेवली तर प्रवाह आटतो आणि लहरीची एक बाजू दबते. पुरेशी ऋण ठेवली नाही तर लहरीच्या शिखरावर ग्रिडच प्रवाह ओढू लागते, शिवाय प्लेट नको तेवढी तापते.

अमेरिकेतल्या बॉटलहेड कंपनीचा ‘क्रॅक’ हा घरी जोडायचा संच पाहा. त्यात आधी १२एयू७ आणि मग ६०८० आहे. हा ६०८० मूळचा वीजपुरवठ्याचा दाब स्थिर राखण्यासाठी घडवलेला दणकट व्हॉल्व्ह, गाण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. १२एयू७च्या कॅथोडखाली एक एलईडी आहे आणि तिच्यावरचा सुमारे दीड व्होल्ट हाच त्याचा बायस. खरी गंमत पुढे आहे. १२एयू७ची प्लेट ६०८०च्या ग्रिडला मध्ये कपॅसिटर न घालता थेट जोडलेली आहे. त्यामुळे पहिला व्हॉल्व्ह बदलला, त्याच्या प्लेटवरचा दाब सरकला, की दुसऱ्याचा प्रवाहही सरकतो. ६०८०च्या कॅथोडवर सुमारे १०० व्होल्ट असतात आणि खाली ३००० ओहमचा रेझिस्टर, म्हणजे प्रवाह ३३ मिलिअँपियर. प्लेटवर २० व्होल्टचा फरक पडला तर त्यातले जवळजवळ ७ मिलिअँपियर कमी किंवा जास्त होतात. ऐकणारा मात्र म्हणतो, ‘हा व्हॉल्व्ह उबदार आहे.’

ही ऊब येते कुठून? ट्रायोडचा आलेख सरळ रेषेत नसतो आणि प्रवाह कमी केला की तो अधिक वाकतो. या वाकण्यातून मुख्यतः दुसरा उपस्वर जन्मतो, म्हणजे वरच्या सप्तकातला तोच स्वर. तो सुरात असतो, म्हणून खटकत नाही, उलट आवाज भरीव वाटतो. दोन स्वर एकत्र वाजले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे स्वरही उमटतात. तानपुऱ्याच्या षड्ज-पंचमातून बेरजेने निघतो तो वरच्या सप्तकातला गंधार आणि वजाबाकीने निघतो तो खालचा षड्ज. दोन्ही सुरातच! आपल्या रागसंगीताला ही विकृती मानवते ती यामुळे, असे मला वाटते. मोठ्या वाद्यवृंदात एकाच वेळी अनेक स्वर वाजत असतात. तिथे हेच बेरीज-वजाबाकीचे स्वर परके ठरतात आणि आवाज गढूळ होतो.

दुसरे कारण कमी चर्चिले जाते, पण हेडफोनच्या बाबतीत मला तेच मोठे वाटते. ६०८०चा अंतर्गत रोध १२५ मिलिअँपियरला सुमारे २८० ओहम असतो आणि प्रवाह घटला की तो वाढतो. त्याबरोबर अँप्लिफायरचा आउटपुट रोधही चढतो. झेनहायझरचा एचडी ६०० हा हेडफोन नावाला ३०० ओहमचा, पण १०० हर्ट्झच्या आसपास त्याचा रोध ५०० ओहमपर्यंत जातो. आउटपुट रोध १२० ओहम असेल तर तिथला खर्ज सुमारे १ डेसिबलने उचलला जातो. तोच रोध १८० ओहम झाला तर १.४ डेसिबलने. खर्ज असा फुगला की कान त्याला ‘ऊब’ म्हणतो. हेडफोनचा रोध सगळीकडे सारखा असेल तर हा परिणाम दिसतच नाही.

त्याच ३३ मिलिअँपियरवर ३२ ओहमचा हेडफोन लावला की मर्यादा लगेच उघडी पडते. ३०० ओहमच्या हेडफोनला शिखराचा ३० मिलिअँपियर प्रवाह दिला तर १३५ मिलिवॅट शक्ती मिळते, ३२ ओहमच्याला जेमतेम १४. तबल्याचा ठोका जोरात आला की लहर तिथेच कापली जाते. अशा वेळी व्हॉल्व्हचे नाव काहीही असो, प्रवाहच अपुरा असतो.

बॉटलहेडच्याच ‘स्पीडबॉल’ सुधारणेत रेझिस्टरांच्या जागी स्थिर प्रवाह राखणारे सर्किट बसते. मग व्हॉल्व्ह बदलला तरी प्रवाह फारसा हलत नाही. दोन व्हॉल्व्हची तुलना करायची तर ती अशा अवस्थेत करावी. ते जमत नसेल तर निदान दर वेळी कॅथोडवरचा दाब मीटरने मोजून लिहून ठेवावा. डाव्या-उजव्या बाजूचे आकडे वेगळे घ्यावेत, कारण ६०८०च्या एकाच काचेतले दोन ट्रायोड बहुधा जुळे नसतात. हेडफोनवरचा सिग्नलही मोजून समान करावा. अर्धा डेसिबल जास्त मोठा आवाज कानाला मोठा म्हणून कळत नाही, तो फक्त अधिक चांगला वाटतो. मोजताना एक हात खिशात ठेवावा, आत शंभराहून अधिक व्होल्ट असतात आणि वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये ते काही काळ टिकून राहतात.