माज न दाखवणारी मादी

गोदाकाठच्या पुणतांब्यात शेळी पाळणाऱ्या घरांना पाठ कधी भरवायची, हे सांगावे लागत नाही. माजावर आली की ती ओरडते, शेपूट हलवत राहते, चाऱ्यावर तिचे लक्ष नसते. तो माज हुकला, तर साधारण 21 दिवसांनी पुढचा येतो. घरात हौसेने आणलेल्या छोट्या जातीच्या सशांना मात्र हा हिशेब लागू पडत नाही.

सशाच्या मादीला असे ठरावीक ऋतुचक्रच नसते. तिच्या अंडाशयात पक्व बीजे तयार असतात, पण ती सुटतात नराशी संग झाल्यावर, साधारण 10 ते 12 तासांनी. त्यामुळे वाट पाहावी असा माज दिसत नाही. योनीमुख फिकट असेल तर मादी बहुधा नराला नाकारते आणि लालसर-जांभळे असेल तर स्वीकारते, एवढीच काय ती खूण. तीही फक्त त्या घडीची इच्छा सांगते. शरीर गर्भारपण पेलेल का, हे तिच्यावरून कळत नाही.

छोट्या जातीची मादी चौथ्या महिन्यातच गाभण राहू शकते. म्हणून नर-मादी तिसऱ्या महिन्याच्या आत वेगळे करावेत. गाभण राहता येणे आणि वाढ पूर्ण होणे यांत काही आठवड्यांचे अंतर असते, आणि घाई नडते ती इथेच. गर्भारपण जेमतेम 31 दिवसांचे. त्यानंतर दूध. सशाच्या दुधात स्निग्धांश शेळीच्या दुधाच्या तिप्पट किंवा त्याहूनही अधिक असतो. मादी दिवसातून बहुधा एकदाच, तीही काही मिनिटेच पाजते, आणि तेवढ्यावर पिल्ले आठवड्याभरात दुपटीने वाढतात. स्वतःची हाडे अजून भरत असलेल्या मादीने हे सगळे कुठून आणायचे?

म्हणून वयापेक्षा वजनावर भरवसा ठेवावा. प्रौढ वजनाच्या किमान 75 ते 80 टक्के वजन झालेले हवे. छोट्या जातींत ते बहुधा पाचव्या-सहाव्या महिन्यात होते. जात मिश्र असेल तर आईचे वजन धरावे. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून आकडा वहीत लिहिला, की वाढ कुठे मंदावली ते दिसते. पाठीचा कणा हाताला टोचत असेल तर थांबावे. चरबी चढलेली मादीही नको, कारण गर्भारपणाच्या शेवटी तिच्या जिवावर बेतू शकते.

नेदरलँड ड्वार्फसारख्या बुटक्या जातीत आणखी एक गोष्ट आहे. त्यांचे बुटकेपण एचएमजीए2 नावाच्या जनुकातल्या बिघाडातून येते. बिघडलेली प्रत एकच असेल तर ससा गोंडस आणि छोटा राहतो. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर पिल्लू अगदीच इवलेसे जन्मते आणि काही दिवसांत दगावते. दोन्ही पालक बुटके असतील तर सरासरी चारातले एक पिल्लू असे निघते. अशा वेळी पहिलटकरणीला दोष दिला जातो, त्याचे मला वाईट वाटते. बुटका नर आणि हा बिघाड नसलेली थोडी मोठी मादी अशी जोडी लावली, तर हे टळते.

नराची तयारी मादीपेक्षा महिनाभर उशिरा होते. शिवाय पारा तिशीपलीकडे टिकला की त्याचे वीर्य उतरते, आणि नवे शुक्राणू तयार व्हायला सुमारे दीड-दोन महिने लागतात. पुणतांब्याचा मे महिना सोसलेल्या नराकडून जूनमध्ये अपेक्षा ठेवू नये. पाऊस स्थिरावू द्यावा, आणि मग मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यावे. आपल्या पिंजऱ्यात शिरलेल्या नराला ती चावते.