रंगाखालची फिन

आमच्या पडवीत ताडपत्रीखाली बाबांची बुलेट उभी होती. १९७४ सालची, साडेतीनशेची. १९५५ साली मद्रासमध्ये जिची जुळणी सुरू झाली, तीच ही गाडी. पाटबंधारे खात्यातली निम्मी नोकरी बाबांनी तिच्यावरच केली. दर रविवारी ती पुसून लख्ख करणं हे माझं काम.

गेल्या दिवाळीत मुलाने हट्टच धरला, "बाबा, आजोबांची गाडी आपण घरीच नीट करू." चौऱ्याऐंशी वर्षांचे आजोबा खुर्चीतून नुसते हसले. माझ्या पोटात मात्र गोळा आला. त्या इंजिनाच्या रंगाखाली माझी एक चोरी दडली होती.

१९८३ साली, मी सोळा वर्षांचा असताना, बाबा झोपलेले बघून गाडी बाहेर काढली आणि वळणावर पाडली. मला फक्त खरचटलं, पण दगडावर आपटून सिलिंडरची एक फिन तुटली. हे सिलिंडर बिडाचं असतं. बीड वाकत नाही, तुटतं. घरात खिडक्यांच्या गजांचा रुपेरी तेलरंग उरला होता. तोच साऱ्या इंजिनाला फासला. बाबा एवढंच म्हणाले, "बरा दिसतो रंग." पुढच्या आठवड्यात घाट चढताना तो रंग तापून जळाला आणि घरभर वास सुटला. बाबांनी मुकाट्याने इंजिन पुन्हा काळं केलं. त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

आता मिस्त्रीकडून हेड आणि सिलिंडर उतरवून घेतलं. खाली उघड्या राहिलेल्या इंजिनाची तोंडं कापडाच्या बोळ्यांनी बंद केली, कारण आत गेलेला वाळूचा एक कण पिस्टनला ओरखडे पाडायला पुरतो. मग रॉकेल, जुने टूथब्रश आणि बांबूच्या चोया. मुलगा कॉस्टिक सोडा घेऊन आला, त्याला थांबवलं. सोडा ॲल्युमिनियम खातो आणि खालचं केसिंग ॲल्युमिनियमचं. त्याला रॉकेल आणि पॉलिशच बरं. सिलिंडरचा रंग मात्र तारेच्या ब्रशने खरवडायला हवा होता.

"एवढं कशाला? वरूनच मारू की रंग," मुलगा म्हणाला. चाळीस वर्षांपूर्वी मीही हेच म्हणालो होतो. त्याला सांगितलं, या फिन शोभेच्या नाहीत. इंजिनाची उष्णता त्यांच्यातून वाऱ्यावर जाते. जाड रंग म्हणजे तापलेल्या माणसावर गोधडी घालणं. आणि तेलकट धातूवर दिलेला रंग पहिल्याच तापाला सुटतो.

खरवडताना काळ्याखालून माझा रुपेरी रंग निघू लागला. सगळ्या खाचांत तो होता. तुटलेल्या फिनच्या कडेला मात्र नव्हता. तिथे काळ्याखाली थेट बीड, आणि कड गुळगुळीत. कोणीतरी तिला कानस मारली होती.

थिनरने पुसून, घासणाऱ्या जागांवर कागदी टेप लावून, उष्णता सोसणाऱ्या काळ्या रंगाचे पातळ हात दिले. प्रत्येक हात वाळेपर्यंत धीर धरला. जोडणी झाल्यावर इंजिन थोडा वेळ चालवायचं, निवू द्यायचं, पुन्हा चालवायचं, असं करत रंग पक्का केला. मुलगा म्हणाला, तुटकी फिन वेल्डिंगने भरून घेतली असती तर? मी नको म्हटलं.

संध्याकाळी इंजिन निवल्यावर बाबांना हात धरून गाडीपाशी आणलं.

"बाबा, ही फिन माझ्याकडून तुटली होती."

त्यांनी चाचपडत त्या कडेवरून बोट फिरवलं.

"ठाऊक होतं," ते म्हणाले. "म्हणून तर कानस मारली. रविवारी पुसताना तुझाच हात कापला असता."